भूमिकाखेळाचा आचारधर्म : ‘चांगला खेळाडू’ या कल्पनेचा इतिहास

१

वाङ्मयविचारात ‘खेळ’ ही संज्ञा विसाव्या शतकात वारंवार आली. पण ती बहुधा रूपक म्हणून. अर्थाचा खेळ, चिन्हांचा खेळ, संहितेचा खेळ असे शब्दप्रयोग समीक्षेत रुळले. नेमक्या त्याच काळात ज्या एका खेळात कथन हेच खेळण्याचे साधन झाले, त्याच्याकडे मात्र समीक्षेचे फारसे लक्ष गेले नाही. टेबलाभोवती बसून खेळला जाणारा भूमिकाखेळ, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम’ म्हटले जाते तो, हा असा खेळ होय. त्यात चार-सहा माणसे एकत्र बसतात. प्रत्येकजण एका कल्पित पात्राची जबाबदारी घेतो. एकजण सूत्रधार होतो आणि उरलेले सर्व जग, म्हणजे इतर पात्रे, स्थळे आणि संकटे, त्याच्या ताब्यात राहते. आपले पात्र काय करते व काय बोलते ते खेळाडू सांगतो, निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात आणि परिणाम सूत्रधार सांगतो. या आवर्तनांतून जी कथा आकार घेते ती कोणा एकाने लिहिलेली नसते आणि तिला वेगळा प्रेक्षकही नसतो. घडवणारे आणि ऐकणारे तेच.

या खेळाला बुद्धिबळासारखी हारजीत नाही. त्यामुळे ‘चांगला खेळाडू कोण?’ या प्रश्नाचे उत्तर गुणफलकावरून देता येत नाही. ते द्यावे मात्र लागते. कारण एकाच्या वागण्याने सगळ्यांची कथा विस्कटू शकते. १९७४ पासून आजपर्यंत या प्रश्नाची उत्तरे अनेकदा बदलली. हा बदल वरवर शिष्टाचाराचा वाटतो. वस्तुतः तो कर्तृत्वाविषयीच्या समजुतीतील बदल आहे. ज्या कथनाचे अस्तित्वच सहभागींच्या परस्परमान्यतेवर उभे असते, त्या कथनाच्या बाबतीत आचारविचार हा काव्यशास्त्राला बाहेरून जोडलेला परिशिष्टवजा भाग राहत नाही, तो त्याच्या केंद्राशी येतो. हे प्रतिपादन या खेळाच्या इतिहासातून तपासून पाहता येते.

२

भूमिकाखेळाची पूर्वपीठिका युद्धखेळात आहे. प्रशियाच्या सैन्यातील तोफखान्याचा अधिकारी गेओर्ग फॉन राइसव्हिट्झ याने १८२४ साली, वडिलांच्या प्रयोगात सुधारणा करून, ‘क्रीग्सश्पील’ची नियमावली सिद्ध केली. त्यात दोन्ही पक्षांना संपूर्ण रणांगण दिसत नसे. आपापल्या तुकड्यांना प्रत्यक्षात जेवढे दिसू शकेल तेवढेच पंच त्यांना सांगत असे आणि खेळाडू आपले हुकूम लेखी देत. अर्थात, ज्ञानाची मर्यादा पाळणे हा या खेळाचा पहिला संकेत होता, आणि ती मर्यादा पाळली जाईल याची हमी खेळाडूच्या सचोटीपेक्षा पंचाच्या व्यवस्थेत होती. पुढे १८७६ मध्ये युलिउस फॉन फेर्डी द्यु व्हेर्न्वा याने नियमांचे व फाशांचे ओझे कमी करून अनुभवी पंचाच्या निर्णयालाच प्राधान्य देणारी ‘मुक्त’ पद्धती मांडली. नियमावर विश्वास ठेवायचा की माणसाच्या विवेकावर, हा या खेळाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उपस्थित होणारा प्रश्न येथेच प्रथम स्पष्ट झाला.

अमेरिकेतील चार्ल्स टॉटन याच्या ‘स्ट्रॅटेगॉस’ (१८८०) या ग्रंथातून ही पंचाची कल्पना मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली याच्यापर्यंत पोचली. खेळाडूने कोणतीही कृती करू पाहावी आणि तिचा निर्णय पंचाने करावा, हे तत्त्व त्याने उचलले. १९६९ मध्ये त्याने ‘ब्राउनश्टाइन’ या नावाचा एक खेळ मांडला. नेपोलियनच्या काळातील एक कल्पित जर्मन गाव, त्यावर चालून येणाऱ्या फौजा, आणि गावातील नगराध्यक्ष, पेढीवाला, विद्यापीठाचा कुलपती अशा भूमिका वेगवेगळ्या खेळाडूंकडे. लढाई सुरू होण्याआधीच खेळाडू एकमेकांना बाजूला घेऊन खलबते करू लागले. वेस्लीच्या हातून खेळ निसटला आणि आपला प्रयोग फसला असे त्याला वाटले. सहभागी झालेल्यांनी मात्र तसाच खेळ पुन्हा मांडण्याचा आग्रह धरला. पंचाला जी बेशिस्त वाटली तिच्यातच नव्या प्रकाराचे बीज होते. खेळाडूंना डावपेचापेक्षा एकमेकांशी पात्र म्हणून बोलण्यात रस वाटला होता.

त्या खेळाडूंपैकी डेव्ह आर्नेसन याने १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ या कल्पित प्रदेशातील खेळ सुरू केला. एका बैठकीबरोबर पात्र संपून न जाता ते पुढच्या बैठकीत टिकून राहू लागले, अनुभवाने वाढू लागले. या सातत्याचा नैतिक परिणाम मोठा होता. एका रात्रीपुरती घेतलेली भूमिका खेळाडू बेफिकिरीने वागवू शकतो. महिनोन्महिने सोबत राहणाऱ्या पात्राला मात्र इतिहास असतो, ऋणानुबंध असतात आणि केलेल्या कृत्यांची फळे त्याला भोगावी लागतात.

३

आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हाचा गॅरी गायगॅक्स यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती. एका खोक्यात तीन पुस्तिका. मुखपृष्ठावर त्याची ओळख ‘भूमिकाखेळ’ अशी नव्हती. मध्ययुगीन अद्भुत युद्धखेळांचे नियम अशीच होती. तिसऱ्या पुस्तिकेत दिलेला नमुन्याचा संवाद उद्बोधक आहे. त्यात पंच आणि ‘कॉलर’, म्हणजे सर्वांच्या वतीने बोलणारा एक खेळाडू, एवढेच दोघे बोलतात. इतरांनी आपसांत मसलत करावी आणि एकाने निर्णय सांगावा, हा टेबलावरचा पहिला शिष्टाचार होता. त्यामागे युद्धखेळाची शिस्त होती. चांगला खेळाडू म्हणजे दूरदर्शी, सावध आणि तुकडीशी एकनिष्ठ असा सैनिक. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये गायगॅक्सने यशस्वी साहसाविषयी जे मार्गदर्शन केले, त्याचा रोखही उद्दिष्ट आधी ठरवणे, तयारी करणे, अनावश्यक संघर्ष टाळणे आणि सहकार्य करणे याच गुणांकडे होता.

याच नियमावलीत नीतीचा एक वेगळा विचार सुरुवातीपासून होता. पण तो खेळाडूविषयी नसून पात्राविषयी होता. १९७४ च्या पुस्तिकांत प्रत्येक पात्राने व्यवस्था, तटस्थता किंवा अनागोंदी यांपैकी एका पक्षाला बांधून घ्यायचे होते. पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुतरम्य कथांतून आलेली ही कल्पना १९७८ पर्यंत नऊ प्रकारांत विस्तारली. सुष्ट-दुष्ट हा एक अक्ष, व्यवस्था-अनागोंदी हा दुसरा. १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या ग्रंथात तर पात्राने आपला नैतिक पक्ष बदलल्यास त्याची एक श्रेणी कमी करण्याची शिक्षाही सांगितली होती. नीती ही अशी मोजण्याची, नोंदण्याची आणि दंड करण्याची वस्तू झाली.

हा प्रयत्न पुढे अधिक सूक्ष्म होत गेला. ग्रेग स्टॅफर्डच्या ‘पेन्ड्रॅगन’ (१९८५) या आर्थरकथांवर आधारित खेळात सरदाराच्या स्वभावाचे तेरा जोडगुण अंकांत मांडले आहेत. दया आणि क्रौर्य, नम्रता आणि गर्व अशा प्रत्येक जोडीची बेरीज वीस. एक वाढला की दुसरा घटतो. एखादा अंक फार मोठा झाला, की प्रसंगी निर्णय खेळाडूच्या हातून निसटून फाशांकडे जातो. सरदाराचा गर्वच त्याच्या वतीने उत्तर देतो. मार्क राइन-हेगनच्या ‘व्हँपायर : द मॅस्करेड’ (१९९१) मध्ये रक्तपिपासू पात्राच्या उरल्यासुरल्या माणुसकीला एक अंक आहे. क्रूर कृत्यांनी तो घसरतो आणि शून्यावर आला की पात्र खेळाडूकडून काढून घेतले जाते. शोकात्म नायकाचा अधःपात नियमांच्या भाषेत मांडण्याचा हा लक्षणीय प्रयत्न होता.

परंतु या साऱ्या व्यवस्थेला एक गोष्ट दिसू शकत नव्हती. ज्याचे पात्र आदर्श सत्प्रवृत्त आहे असा खेळाडू प्रत्यक्षात इतरांना बोलू देत नसेल, भित्र्या नवख्याची टर उडवीत असेल, तर पात्राच्या कागदावर त्याची नोंद कोठेच होत नसे. उलट, कपटी आणि निर्दय पात्र अशा रीतीने रंगवता येते की त्या बैठकीत प्रत्येकाला आपापली जागा सापडावी. पात्राची नीती आणि खेळाडूची नीती या भिन्न कोटीतील गोष्टी आहेत, हे ओळखायला या खेळाला काही वर्षे लागली.

४

ही ओळख नियमपुस्तिकांच्या बाहेर, खेळाडूंच्या आपसांतील वादविवादातून आली. लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड यांनी १९७५ मध्ये ‘अलॅरम्स अँड एक्स्कर्शन्स’ हे हौशी नियतकालिक सुरू केले. वाचकांनीच आपापली पाने छापून पाठवायची आणि संपादिकेने ती एकत्र बांधून सर्वांना धाडायची, अशी त्याची रीत. खेळ कसा खेळावा यावरचे मतभेद तेथे सविस्तर मांडले जाऊ लागले. १९८० मध्ये ‘डिफरंट वर्ल्ड्स’ या मासिकात ग्लेन ब्लॅकाउ याने खेळण्याच्या चार प्रवृत्ती वेगळ्या केल्या : डावपेच, सामर्थ्याची हाव, भूमिकेशी तादात्म्य आणि कथारचना. या वर्गीकरणाचे महत्त्व असे, की ‘वाईट खेळाडू’ म्हणून ज्याला हिणवले जाई तो अनेकदा वेगळ्या अपेक्षेने आलेला खेळाडू असतो, हे त्यामुळे बोलून दाखवता आले.

१९८३ मध्ये समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन याचा ‘शेअर्ड फँटसी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मिनेसोटातील गटांत स्वतः सहभागी होऊन केलेल्या या अभ्यासात त्याने अर्व्हिंग गॉफमनच्या चौकटींच्या सिद्धांताचा आधार घेतला. टेबलाशी बसलेला मनुष्य एकाच वेळी तीन चौकटींत वावरतो : व्यक्ती म्हणून, खेळाडू म्हणून आणि पात्र म्हणून. भिंतीपलीकडे सापळा आहे हे खेळाडूला ठाऊक असते, पात्राला नसते. नाटकात प्रेक्षकाला ठाऊक आणि पात्राला अज्ञात अशा गोष्टींतून जो उपरोध निर्माण होतो, तो येथे एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटतो. जुन्या आचारानुसार चांगल्या खेळाडूने ते ज्ञान विसरल्यासारखे वागावे. पुढे अधिक परिपक्व अशी एक रीत रूढ झाली. खेळाडूने ते ज्ञान विसरू नये, कथेच्या हितासाठी वापरावे. सापळा आहे हे जाणूनच, तो कथेला पोषक असेल तर, आपल्या पात्राला तिकडे चालत न्यावे. ही लेखकाची जाणीव आहे, युद्धखेळातील सैनिकाची नव्हे.

या तीन चौकटींमुळे भूमिकाखेळातील सर्वांत परिचित अशा सबबीचाही उलगडा होतो. एखाद्या खेळाडूचे पात्र चोर आहे. रात्री सर्व निजले असता तो सोबत्यांचे धन लांबवतो, पुढचे दोन तास भांडणात जातात, आणि जाब विचारला की तो म्हणतो, ‘माझे पात्र असेच वागले असते.’ कादंबरीकारही कधी कधी पात्रे आपल्याला जुमानत नाहीत असे सांगतात. पण तेथे ते निर्मितीच्या अनुभवाचे वर्णन असते. येथे ते जबाबदारीतून सुटण्याचे निवेदन होते. चोराला चोरी करायला भाग पाडणारी कोणतीही नियती टेबलावर नसते. अनेक संभाव्य कृतींतून एकीची निवड खेळाडूने केलेली असते. तोच चोर एका सोबत्याच्या जुन्या उपकाराची आठवण होऊन हात मागे घेऊ शकला असता; किंवा चोरी करताना मागे असा धागा ठेवू शकला असता की ज्यातून दुसऱ्या एखाद्या पात्राला शोध घेण्याची संधी मिळावी. स्वभावाशी सुसंगती या दोन्ही पर्यायांतही राहिली असती. लेखकाच्या मृत्यूची घोषणा समीक्षेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस झाली. कर्तृत्व अनेकांत वाटले गेले तरी उत्तरदायित्व त्यामुळे विरत नाही, हे या छोट्या टेबलावर अधिक ठळकपणे दिसते.

गायगॅक्सने १९८७ मध्ये ‘रोल-प्लेइंग मास्टरी’ हे खास खेळाडूच्या आत्मविकासासाठी पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकातच त्याची दृष्टी आहे. अभ्यासाने आणि नियमांच्या अंतरंगाच्या आकलनाने खेळाडू प्रभुत्वाकडे चढत जातो. पण ‘प्रभुत्व’ ही मूलतः एकट्याची कल्पना आहे. फाइनच्या निरीक्षणात त्या प्रभुत्वाची दुसरी बाजूही आली होती. गटांमध्ये स्त्रियांचे प्रमाण अत्यल्प होते आणि पुरुषांच्या गटांत स्त्रीपात्रांविषयी आक्रमक कल्पनाचित्रे सहज रंगवली जात. कल्पितातील वर्तन टेबलाशी बसलेल्या प्रत्यक्ष व्यक्तीला कोठे नेऊन सोडते, हा प्रश्न प्रभुत्वाच्या परिभाषेत विचारताच येत नव्हता.

५

याच दशकात अमेरिकेत या खेळावर बाहेरून नैतिक हल्ला झाला. १९७९ मध्ये एका विद्यार्थ्याच्या बेपत्ता होण्याशी वृत्तपत्रांनी या खेळाचा संबंध जोडला. १९८३ पासून खेळाविरुद्ध संघटित मोहीम चालली, आणि सैतानपूजेचे आरोप झाले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘मारेकरी’ हा पात्रप्रकार वगळण्यात आला आणि भुतासैतानांची परिचित नावे बदलण्यात आली. या वादातील दोन्ही बाजूंचे लक्ष कथेच्या आशयावर, म्हणजे तीत सैतान आहे की नाही यावर, होते. टेबलाशी बसलेल्यांचे परस्परांशी नाते कसे आहे हा प्रश्न त्यात हरवला.

तो प्रश्न एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा वर आला. रॉन एडवर्ड्स याने कथेतील आशयासाठी दोन सीमा सुचवल्या. ‘रेषा’ म्हणजे ज्यापलीकडे कथा जाणारच नाही ती मर्यादा. ‘पडदा’ म्हणजे जे घडेल, पण रंगमंचाआड. २००७ मध्ये एमिली केअर बॉस हिने पात्राची भावना खेळाडूत आणि खेळाडूची पात्रात झिरपते या अनुभवाला नाव दिले. २०१३ मध्ये जॉन स्टाव्ह्रोपूलॉस याने ‘एक्स-कार्ड’ची रीत मांडली. फुली काढलेला एक कागद टेबलावर ठेवायचा. कोणीही त्याला हात लावला की चालू असलेला आशय गाळायचा किंवा बदलायचा. कारण विचारायचे नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो वाङ्मयीन आहे. अस्वस्थ करणे हा साहित्याचा अधिकार आहे. वाचकाच्या संमतीची मर्यादा घातली तर कथा बोथट होईल. हा आक्षेप सहजी झटकून टाकण्यासारखा नाही. पण वाचक आणि खेळाडू यांची स्थिती समान नाही, हे त्यात निसटते. वाचक पुस्तक मिटू शकतो, आणि मिटले म्हणून लेखक त्याच्यावर रुसत नाही. टेबलावरून उठणाऱ्याला मात्र मित्रमंडळ सोडल्याची किंमत मोजावी लागते. शिवाय येथे क्रौर्याचे वर्णन अनाम वाचकासमोर होत नाही. समोर बसलेल्या, नावानिशी ओळखीच्या माणसाच्या पात्रावर ते गुदरते. थांबवण्याचा मार्ग उपलब्ध असेल तर गट अधिक काळोख्या प्रदेशात जाण्याचे धाडस करू शकतो, ही बाजूही लक्षात घ्यावी लागते.

मात्र कागदाच्या तुकड्याने अवधानाची उणीव भरून निघेल असे मानणे ही जुनीच चूक ठरेल. पात्राच्या नैतिक पक्षाची नोंद केली म्हणजे नीती साधली, असे १९७० च्या दशकात वाटले होते. टेबलावर कार्ड ठेवले म्हणजे सोबत्याकडे पाहण्याचे काम संपले, असे आज वाटू शकते. कार्डाला हात लावण्याइतका धीर नसलेल्या नवख्याच्या चेहऱ्यावरचा बदल टिपणे हे कोणत्याही नियमावलीला शक्य नाही. राइसव्हिट्झचा नियम आणि फेर्डीचा विवेक यांच्यातील जुना वाद येथे वेगळ्या रूपात पुन्हा उभा राहतो.

६

अमेरिकी रचनाकार व्हिन्सेंट बेकर याच्या नावाने एक तत्त्व प्रसिद्ध आहे : खेळाची ‘पद्धती’ म्हणजे छापील नियम नव्हेत; कल्पित जगात काय घडले यावर गट ज्या मार्गाने एकमत करतो तो मार्ग म्हणजे पद्धती. या दृष्टीने ‘दार उघडले’ हे वाक्य उच्चारल्याने दार उघडत नाही. इतरांनी ते मान्य केले की उघडते. योहान हाउझिंगा याने ‘होमो लुडेन्स’ (१९३८) मध्ये लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा यांत भेद केला होता. लबाड निदान खेळाचे जग मानल्याचे सोंग तरी करतो. खेळ मोडणारा ते जगच नाकारतो. भूमिकाखेळात दुसऱ्याचे बोलणे ऐकून न घेणारा हा, त्याची इच्छा नसली तरी, या दुसऱ्या प्रकारात जाऊन बसतो. कारण येथे ऐकून घेणे हीच जगाच्या निर्मितीची क्रिया आहे.

भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला हे अपरिचित वाटू नये. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांपैकी निजसुखादिविवशीभाव, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून राहणे, हे एक. तेथे विचार आहे तो सहृदय प्रेक्षकाचा. भूमिकाखेळात कवी, नट आणि सहृदय या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असल्याने हे विघ्न तिपटीने बाधक होते. आपली पाळी येईपर्यंत फाशांशी चाळा करीत बसलेला खेळाडू सहृदय म्हणून अनुपस्थित असतो. त्यामुळे त्याची पाळी येते तेव्हा कवी म्हणूनही त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नसते.

कोकणातील व गोव्यातील दशावतारी नाटकात आख्यान आधी ठरते, पण संवाद लिहिलेले नसतात. समोरच्या नटाने टाकलेले वाक्य झेलून पुढचे वाक्य उभे करावे लागते. या दोन परंपरांत ऐतिहासिक संबंध नाही. साम्य आहे ते संहितेच्या अभावातून येणाऱ्या परस्परावलंबनात. दशावतारात निदान समोर प्रेक्षक असतो आणि दाद कोणाला मिळाली ते कळते. भूमिकाखेळात ती दाद देणारेही सोबतीच.

म्हणून या खेळाच्या आचारधर्माचा इतिहास हा नीतीच्या स्थलांतराचा इतिहास म्हणता येईल. ती आधी पंचाच्या निःपक्षपातात होती, मग पात्राच्या कागदावर आली, आणि अखेर खेळाडूंच्या परस्परसंबंधांत येऊन स्थिरावली. बैठक संपल्यावर या कथेची संहिता मागे उरत नाही. उरतात ते काही नकाशे, अंकांनी भरलेले कागद आणि उपस्थितांच्या आठवणी. अशा कृतीची समीक्षा करू इच्छिणाऱ्याला तिचे मोल संहितेत शोधता येणार नाही. कोणाच्या वाक्याला कोणी कसा प्रतिसाद दिला, कोणाला अवकाश मिळाला आणि कोणाचा हिरावला गेला, याचीच तपासणी त्याला करावी लागेल. सौंदर्यविचार आणि आचारविचार यांची फारकत करूनच समीक्षा शास्त्रशुद्ध होते, असे मानणाऱ्यांनी या टेबलाजवळ थोडा वेळ थांबणे उपयुक्त ठरेल.